पाडव्यापासून चौदा गोळ्या

ज्या हिवाळ्यात लालासाहेब सुभेदार कायमचे घरी आले, त्या हिवाळ्यात कारवीवाडीत थंडी अशी पडली की गोठ्यातल्या म्हशी दावं तोडून चुलीपुढं येऊन बसायच्या आणि उठा म्हटलं तर तोंड फिरवायच्या. पाटणच्या बाजारातनं आणलेलं खोबरेल तेल लोक खलबत्त्यात कुटून डोक्याला लावत होते. आणि त्याच थंडीत सुभेदारांची बायको शालन पडवीत उघड्यावर, अंगावर नुसती साडी, हातात सुपाचा पंखा, वारं घेत पडलेली असायची. म्हशींचं आणि तेलाचं थोडं वाढवून सांगितलं असेल. शालनचं नाही.

शालनला एक्कावन्नावं चालू होतं. पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. आधी तिला वाटलं, सुटलो. मग एके दिवशी भाकरी थापता थापता छातीतून एक धग उठली, मानेवरून कानांपर्यंत गेली, आणि घामाचे थेंब परातीतल्या पिठात पडले. त्या दिवसापासून ती धग पाहुण्यासारखी यायची, पण पाहुण्यासारखी जायची नाही. दिवसातून दहादा, रात्रीतून सहादा. झोप तर गावच सोडून गेली. कशावरूनही डोळे भरायचे, कशावरूनही टाळकं फिरायचं. एकदा तर पातेल्याचं झाकण पडलं म्हणून तिनं पातेल्यालाच शिव्या दिल्या, आणि सासू साळूबाई, वय ब्याऐंशी, कानानं कमी, तोंडानं नव्हे, ओसरीवरून म्हणाली, "पातेल्यानं काय केलंया गं? त्येला बी नवरा घरी आला काय?"

म्हातारीनं बरोबर दुखरी जागा दाबली होती.

लग्न झालं तेव्हा शालन अठराची आणि लालासाहेब चोवीसचे, पलटणीत शिपाई. पंचवीस वर्षं ते सीमेवर कुठं कुठं होते आणि ती कारवीवाडीत होती. वर्षातून दोन महिने नवरा, दहा महिने त्याची वाट. सुभेदार होऊन सुटले, तर पोरगी अंकिता सांगलीला शिकायला. मग तिच्याजवळ राहायचं म्हणून कुपवाडला एका पंपाच्या कारखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीत लागले. अंकिताचं शिक्षण झालं, तिथंच लग्न झालं, तरी ह्यांची आठ वर्षं कुपवाडलाच गेली. महिन्यातून दोन रविवार गावी.

या तेहतीस वर्षांत शालननं ओढ पाळली. दुसऱ्या बायका शेरडं पाळतात तशी. रोज वैरण घातली, पाणी दाखवलं, पावसात आत बांधली. ऊस बांधताना, शेण काढताना, पोरीच्या वेण्या घालताना ती ओढ शेजारी उभी राहून तिचा पदर चावत असायची. वळणावर एस्टीचा हॉर्न वाजला की शालनला पोटात कळायचं, गाडीत हा माणूस आहे की नाही ते. एकदाही चुकली नाही. निदान ती तसं सांगायची.

आणि दिवाळीत माणूस कायमचा आला, ट्रंक पुढच्या सोप्यात ठेवली, आणि शालननं बघितलं तर खुंट्याला दावं होतं, शेरडू नव्हतं.

नवरा समोर बसलेला चांगला वाटायचा. पण जवळ आला की अंगाला धग लागायची. आणि दोनदा जवळ गेली तर असं दुखलं की ओठ चावून पडून राहिली. सांगायचं कुणाला? सांगायचं काय? तिनं आपलं अंथरूण पडवीत नेलं. "आत लय उकडतंय," म्हणाली. बाहेर म्हशी काकडत होत्या.

मग साताऱ्याचं ते झालं.

नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला दोघं साताऱ्याला गेली. रांगेत सगळे जुने फौजी, त्यांच्या बायका, रामराम आणि जयहिंद. गर्दी मागून रेटायला लागली तसा लालासाहेबांनी बायकोला सांभाळायला तिच्या पाठीवर हात ठेवला. नेमकी त्याच वेळी धग उठली. शालन ओरडली, "हात काढा आदी!" असा आवाज, की पुढचे दोन नायक आणि एक हवालदार सवयीनं सावधान झाले. लालासाहेबांनी हात काढला.  येताना गाडीत त्यांनी तिला खिडकीची जागा दिली आणि मध्ये पिशवी ठेवली.

तेव्हापासून तो माणूस घरात पाहुण्यासारखा वागायला लागला. पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करायचा, स्वतःचा कप विसळायचा, काही मागायचा नाही. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाला, "कुपवाडचा मालक फोन करतोय. नवीन मानूस टिकंना म्हनं. जत्रा झाली की जावं म्हनतो. हितं तरी माझी काय ड्यूटी हाय?"

शालनच्या जिभेवर आलं होतं. जाऊ नका, एवढे दोन शब्द. पण जाऊ नका म्हणावं तर कशासाठी राहा म्हणावं? ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी झालंय का?"

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "ठीक हाय."

दुसऱ्या दिवशी शिवरात्रीला देवळात बायका जमल्या. कारवीवाडीच्या जानुबाई देवीला चैत्री पुनवेच्या जत्रेत आंबिलीचा हंडा असतो. तो रांधणाऱ्या पाच बायका पाळी कायमची गेलेल्याच लागतात, आणि पुढं चालून पहिला हंडा देवीपुढं ठेवणारी मानकरीण त्या पाचांतून गावातल्या बायका निवडतात. साळूबाईनं हा मान बावीस वर्षं सांभाळला होता. या वर्षी बायकांनी शालनचं नाव घेतलं. तिच्या खालोखाल सुलाबाई होती, तिनं नाक मुरडलं, पण हळद लावली. घरी आल्यावर म्हातारी कधी नव्हे ते सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडून म्हणाली, "आता तू बाई न्हाईस गं, देवीची मानूस झालीस."

सासूनं हे कौतुकानं म्हटलं होतं. शालन गोठ्यात जाऊन रडली.

तिथनंच तिनं अंकिताला फोन लावला. अंकिता आईचं अर्धं ऐकून घेऊन म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं सांगलीला ये. बाबांना सांग, माझं डोकं दुखतंय."

"तुझं का?"

"मग तुझं सांग. पण ये."

सांगलीतली डॉक्टरीण ज्ञानदा म्हणून होती, अंकिताच्याच वयाची. शालनला वाटलं, ही पोर काय सांगणार. पण पोरीनं अंकिताला बाहेर बसवलं, दार लावलं आणि एकेक विचारायला लागली.

"घाम?"

"घाम कसला, पाटाचं पानी सुटतंय."

"झोप?"

"ती म्हायेराला गेलीया. मूळ धाडलं तरी येत न्हाई."

डॉक्टरीण हसली. मग हसू बाजूला ठेवून म्हणाली, "आणि मिस्टरांजवळ जाणं? नकोसं वाटतं, की दुखतं?"

उभ्या जन्मात हे शालनला कुणी विचारलं नव्हतं. ती भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दोन्ही." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही बाहेर आलं. "पर वाटावं असं वाटतंय. तीस वर्सं वाटत हुतं तवा मानूस न्हवता. आता मानूस हाय. तर ते वाटनंच न्हाई."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. 

"तुमचं मन आटलेलं नाही काकू," ती म्हणाली. "अंगात एक रस असतो, इस्ट्रोजेन म्हणतात, तो आटलाय. त्यानंच धग येते, झोप जाते, खालची जागा कोरडी पडते, म्हणून दुखतं. तो बाहेरून देता येतो. सगळ्यांना नाही देत. आधी तपासायला लागतं." मग घरात कुणाला छातीचा कॅन्सर होता का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, रक्तदाब, सोनोग्राफी, छातीचा फोटो, दोन दिवस शालन लेकीच्या घरी राहून या खोलीतून त्या खोलीत हिंडली. सगळं नीट निघालं. तेव्हा डॉक्टरणीनं एक जेल दिलं, रोज अंघोळीनंतर मांडीला चोळायचं. "आणि गर्भाशय आहे तुमचं, त्याच्या रखवालीला ही गोळी. नुसतं जेल लावून गोळी चुकवायची नाही. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवसापासून चौदा दिवस. संपल्यावर दोन-तीन दिवसांत पाळीसारखं जाईल. कधी नाहीही जाणार. घाबरायचं नाही."

"परत?" शालन खुर्चीतून अर्धी उठली. "आवं, मला हंडा हाय जत्रंला!"

अंकितानं आत येऊन मोबाइलमध्ये बघितलं. "जत्रा तेवीस एप्रिलला. तुझ्या गोळ्या चौदाला संपतील, वीसच्या आत सगळं आटपेल. नीट जा हंडा घेऊन."

डॉक्टरणीनंही मान हलवली. शालनचा जीव भांड्यात पडला.

जेलची बाटली तिनं डाळीच्या डब्यात लपवली. आठ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी धग आली ती दाराशी घुटमळून परत गेली. तीन आठवड्यांनी एका सकाळी शालन जागी झाली तर उन्हं पडवीत आलेली, आणि साळूबाई तिच्या नाकाशी बोटं धरून श्वास चालू आहे का बघत होती. "मेलीस वाटलं," म्हातारी म्हणाली. "इतकी झोप तुला लग्नात सुदिक लागली न्हवती."

पहिल्या महिन्याच्या गोळ्या संपल्या, पण पाळीसारखं काहीच गेलं नाही. शालननं मनातली ती धास्ती काढून टाकली.

आणि पाडव्याच्या सुमाराला ती परत आली. पाळी नव्हे, ओढ. लालासाहेब गुढीची काठी उभी करत होते, हात वर, सदऱ्याची बाही मागं सरकलेली, आणि शालनच्या पोटात वळणावरचा एस्टीचा हॉर्न वाजला. माणूस दहा पावलांवर उभा होता. तिला वाटलं, आता इतक्या जवळचं कसं सोसायचं? लांबचं सोसायची सवय होती तिला.

पण लालासाहेब तोवर फार शिस्तीत दूर गेलेले. तिनं चहा नेला तर उठून उभे राहून घ्यायचे. ट्रंक भरायला काढली होती. शालन रोज ठरवायची, आज सांगते. एकदा त्यांच्यासमोर जाऊन बसली, पदर नीट केला, खाकरली, आणि म्हणाली, "उद्या भोपळा करू का?"

"कर की," लालासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोपळा झाला. तिसऱ्या दिवशीही भोपळाच झाला, कारण परत तेच विचारलं गेलं. त्या चैत्रात सुभेदारांच्या घरी इतका भोपळा झाला की म्हणे परड्यातला वेल त्यांना बघून पानं मिटायचा.

पुनवेच्या सकाळी शालननं डोक्यावरून अंघोळ केली. हिरवी साडी घडी मोडून ठेवलेली. आणि न्हाणीत तिला लाल दिसलं.

ती तशीच ओल्यानं उभी राहिली. मग दार लावूनच अंकिताला फोन लावला. अंकिता जत्रेलाच निघालेली, गाडीत होती.

"अगं, आज कसं? गोळ्या कधी संपल्या तुझ्या?"

"काल. चौदा म्हंजी चौदा घेतल्या. एक बी चुकली न्हाई."

"काल? चौदा तारखेला संपायला पाहिजेत! एक तारखेपासून घेतल्यास ना?"

"महिन्याच्या पयल्या दिवसापासनं घेतल्या. पाडव्यापासनं."

"आई, पाडवा नऊ एप्रिलला होता!"

"ते एप्रिल तुझ्या बाबाच्या पेन्शनीचं. चैत्राचा पयला दिवस पाडवाच न्हवं? दुसरा कुठला असतोय?"

 शालनची एकादशी, संकष्टी, पेरणी, कापणी, सगळं तिथीवर चालायचं; औषधही तिनं तिथीवरच घातलं होतं. पुनव आली आणि औषध तिथीला जागलं. दोन दिवस दम धरायलाही तयार झालं नाही.

"ऐक," अंकिता शेवटी म्हणाली. "पॅड लाव आणि जा. कुणाला कळतंय? ही औषधाची आहे, खरी नव्हेच. देवी काय तपासायला बसलीय का?"

पोरगी चुकीचं सांगत नव्हती. शालननं साडी नेसली, मळवट भरला. सोप्यातून जाताना ट्रंक दिसली. कुलूप लावलेली. उद्या सकाळची साडेसहाची गाडी. आज ती गप्प राहिली तर संध्याकाळपर्यंत मान मिळणार होता, आणि उद्या सहा वाजून तीस मिनिटांनी सोपा मोकळा. तिला एकदम वाटलं, सहा आठवडे जे तोंडाला जमलं नाही, ते आज अंगानं सांगून टाकलंय. आता ते झाकायचं का?

देवळामागं चूल मांडलेली, हंडे घासून लखलखीत. चार बायका तिचीच वाट बघत होत्या. शालन दहा हातांवर थांबली.

"सुलाबाई, हंडा तू घे. मला आलीया."

"काय आलीया?"

"पाळी."

सुलाबाईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. "एक्कावन्नाव्या वर्सी? दीड वर्सानं?"

"व्हय. मीच आनलीया. सांगलीसनं."

आणि शालन वळून घरी गेली.

आता बायकांच्या चुलीपासून पुरुषांच्या ढोलांपर्यंत अंतर पन्नास पावलांचं. पहिल्या दहा पावलांवर बातमी होती, शालनला पाळी आली. वीस पावलांवर, सुभेदारांनी हिमालयातलं मूळ आणलं होतं, ते उगाळून घेतलं. तिसाव्या पावलावर शालनच्या डोक्यावर काळे केस उगवले. आणि ढोलवाल्यांपाशी पोचेपर्यंत तिला चौथा महिना लागलेला होता. गावातल्या तीन म्हाताऱ्या तर तिथल्या तिथं एकमेकींना विचारायला लागल्या, की मूळ किती घ्यायचं, दुधातनं की पाण्यातनं.

लालासाहेब कपाळाला गुलाल लागलेला, तसेच धावत घरी आले. जत्रेचे दिवस, म्हणून शालन रीतीप्रमाणं गोठ्याच्या कडेच्या छपरात बाजूला बसलेली. एरवी घरात कुणी पाळत नसे, पण हंड्याच्या चार दिवसांत साळूबाई कुणाचं ऐकायची नाही.

"शालन," सुभेदारांना धाप लागलेली. "पोरगं... पोरगं व्हनार म्हनत्यात?"

"कोन म्हनतंय?"

"ढोलवाले."

"मग त्यास्नीच इचारा, बाप कोन हाय ते. तुमी तर साताऱ्यासनं आल्यापासनं माज्या वाऱ्याला उभं न्हाई."

 देवळाकडून ढोल वाजत होता. लालासाहेब हळू म्हणाले, "तूच म्हनालीस हात काढा. मला वाटलं, तू माज्या असन्याला दमलीस. सवय न्हाई तुला. मी आपला परका."

"असन्याला कवा दमनार? तेहतीस वर्सं नसन्याला दमले," शालन म्हणाली. आणि मग सुरू झाली ती थांबली नाही. धग, दुखणं, पडवी, साताऱ्याची रांग, डॉक्टरीण, मांडीला चोळायचं जेल, डाळीचा डबा, पाडव्यापासूनच्या चौदा गोळ्या. "तुमी नको झाला न्हवता मला. माझं मलाच नको झालं हुतं. मला तुमी पायजे वाटायला पायजे हुतं, म्हनून सांगलीला गेले. आता वाटतंय. आन् तुमी ट्रंकंला कुलूप लावून बसलाय."

 लालासाहेब उभेच होते. फौजेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला समोरून गोळी आली तर काय करायचं माहीत असतं. बायकोनं असं म्हटल्यावर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. ते वळले आणि घरात गेले.

शालन ऐकत राहिली. ट्रंकेचं कुलूप वाजलं. तिला वाटलं, उद्याची वाटही बघवेना ह्या माणसाला. मग मोबाइलवर बोलण्याचा आवाज आला, "जयहिंद साहेब. दुसरा मानूस बघा. न्हाई, न्हाई, तब्येत ठीक हाय. हितंच लागलोय. व्हय, कायमचा."

ते बाहेर आले ते घोंगडं घेऊन. छपराबाहेर, तिच्यापासून बरोबर दोन हातांवर ते अंथरलं आणि मांडी घालून बसले.

ओसरीवरून साळूबाई ओरडली, "आरं लाला, शिवशील की! लांब हो!"

"दोन हात हाय आये! मोजून बसलोय!"

"किती येळ बसनार हाईस?"

"चार दिवस!"

म्हातारीनं कपाळावर हात मारला.

शालन खाली बघून हसली. मग म्हणाली, "एका सुट्टीला असंच झालं हुतं. अंकिता पोटात न्हवती तवा. तुमी सहा दिवस आलावता, आन् पाच ह्यातच गेले."

"ठाऊक हाय. सहाव्या दिवशी माझी गाडी हुती."

"आता गाडी कवा हाय?"

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "आता न्हाई."

रस्त्यावरून सुलाबाई हंडा घेऊन गेली, मागं ढोल, गुलाल, पोरंबाळं. शालननं मान वर करून तिकडं बघितलंसुद्धा नाही. ती त्या दोन हातांच्या जमिनीकडं बघत होती. थोडं शेण, दोन काड्या, एक मुंगळा इकडून तिकडं आरामात निघालेला. लालासाहेबांच्या कपाळावरचा गुलाल घामानं नाकावर ओघळला होता, आणि तो पुसावा म्हणून तिची बोटं शिवशिवत होती. चार दिवस. ह्या माणसाची तेहतीस वर्षं वाट बघितलेली बाई ती, पण इतकं लांब तिला कधी काही वाटलं नव्हतं.

अजून तर दुपारसुद्धा झाली नव्हती.